फणीखालचं सारवण

भात पिवळं पडायला लागलं की माझे हात शिवशिवतात. तुम्हाला वाटेल, कोयता हातात घ्यायला. तसं नाही. कापणीला आता माझी कंबर साथ देत नाही, आणि खरं सांगायचं तर तरुणपणीही मी कापणीत फार चपळ नव्हते. माझे हात शिवशिवतात ते स्क्रू-ड्रायव्हरसाठी.

आमच्या मुळशीत पाऊस मागं फिरला की एक वेगळंच ऊन पडतं. वैशाखातलं ऊन निदान कोरडं तरी असतं. हे पडतं ओल्या जमिनीवर. वरून चटका, खालून वाफ. उतारावर कारळ्याची पिवळी फुलं डोलत असतात, खाचरांतून आंबेमोहराचा वास येतो, आणि चार महिने चिखल होऊन गप्प बसलेली पौड रस्त्याची धूळ पिरंगुटकडं जाणाऱ्या ट्रकांमागं पुन्हा धावायला लागते. अशा उन्हात माणूस झाडाखाली बसतो, म्हैस डबक्यात बसते. कॉम्प्युटरनं कुठं जाऊन बसायचं?

यंदा घट बसायच्या आधी रुख्सानाचा फोन आला. "बाई, तुमचं ते जुनं मशीन हाय का अजून?"

"आहे की. माळ्यावर आहे. का गं?"

"चालू करून द्या ना. माझ्या पोरींना उघडून दाखवायचंय. आताची मशीनं काय, कुणी उघडतच न्हाई."

रुख्साना म्हणजे पौडच्या बाजारातल्या हमीदभाई बांगडीवाल्यांची मुलगी. माझी विद्यार्थिनी. आता ती आमच्याच तालुक्यात, चांद्याला, स्वतःचा क्लास चालवते. हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारती तिच्या गच्चीवरून दिसतात. तिनं मागितलं आणि मी नाही म्हणेन, असं होणार होतं का? ह्यांना सांगून मशीन खाली उतरवलं, ओसरीवर जुनं पातळ अंथरलं आणि बसले मांडी घालून. बाजूचं पत्र्याचं झाकण काढल्यावर आतून जो वास आला ना, धुळीचा, जुन्या वायरींचा, तापून तापून निवलेल्या लोखंडाचा, त्या वासानं मला उचलून सहा-सात वर्षं मागं नेऊन ठेवलं.

तर सांगते.

मी मुळातली शिवणक्लासवाली. लग्न होऊन पौडला आले तेव्हा दहावी पास होते आणि हातात शिलाई होती. पुढच्या खोलीत चार मशीनं टाकून गावातल्या मुलींना झबली-परकर शिकवायचे. मग पिरंगुटला कारखाने वाढले, ऑफिसात कॉम्प्युटर आले, आणि मुली विचारायला लागल्या, "बाई, ते शिकवता का?" आता मला कुठं येत होतं? पण मुलगी विचारते म्हणजे तिला दुसरीकडं विचारायला जागा नाही, एवढं मला कळत होतं. आमचे हे पिरंगुटच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. तिथं जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते. त्यांनी ते घरी आणले. एक मराठी पुस्तक आणलं. पुस्तक मांडीवर, मशीन समोर, आणि भाकरीचा तवा मागं. अशी शिकले मी. आधी चालवायला शिकले, मग बंद पडल्यावर उघडायला शिकले. दुसरं कोण येणार होतं उघडायला?

पुढं आमच्या क्लासला सरकारी परीक्षेचं केंद्र मिळालं. पौडला. माझ्या पुढच्या खोलीत. पाटी लावली त्या दिवशी सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "लई मोठी पाटी केलीस. दार दिसंना घराचं." पण संध्याकाळी शेजारणीला तीच पाटी त्यांनी तीनदा वाचायला लावली, स्वतःला वाचता येत नाही म्हणून.

आणि त्याच वर्षीच्या आश्विनात ते घडलं.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा कोयता, सुताराचा रंधा, गवंड्याची थापी. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल, अक्षता. माझ्या शिलाई मशीनांची पूजा दर वर्षी व्हायची. अक्षता मशीनच्या पाटावर पडायच्या, दुसऱ्या दिवशी हातानं गोळा केल्या की झालं. कॉम्प्युटरची पण तशीच करायची, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही. पोट भरणारी वस्तू ती.

पण त्या वर्षी उकाडा एवढा होता की मशीनं तापायची. म्हणून मी त्यांची बाजूची झाकणं काढून ठेवली होती आणि समोर टेबलफॅन लावला होता. पूजेसाठी मुख्य मशीन आडवं करून पाटावर ठेवलं. उघडं पोट आभाळाकडं. सासूबाईंनी वाकून आत बघितलं. हिरवी पाटी, वायरी, मधोमध छोटासा पंखा. म्हणाल्या, "ह्येचा जीव कुटला?"

मी पंख्याकडं बोट दाखवलं. "त्याच्याखाली आहे. प्रोसेसर म्हणतात."

झालं. जीव जिथं आहे तिथंच अक्षता पडायला हव्यात. सासूबाईंचा हात मोठा, वाढतानाही आणि देवालाही. मूठभर तांदूळ आणि झेंडूच्या चिमूटभर पाकळ्या नेमक्या तिथं गेल्या. मी हात जोडून उभी होते. फार प्रसन्न वाटत होतं.

दसऱ्याला सकाळी मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, म्हणून एकदा सगळं चालवून बघायचं होतं. सुरू झालं, चांगलं उजेडलं, आणि मी उठून चहाचं आधण ठेवते तोवर गप्प. पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. हे मुख्य मशीन, बरं का. परीक्षेचा पेपर यातून बाकीच्या मशीनांवर जायचा. हे बंद तर सगळं बंद, आणि मग मुलींना पुण्याच्या केंद्रावर जावं लागणार.

पुण्याला जाणं म्हणजे काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. बस आहे की. पण हमीदभाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, अगदी आदरानं, दुकानात स्टुलावर बसवून. "बाई, तुमच्या घरात हाय म्हणून पोरगी येतीया. परीक्षा हितं झाली तर झाली. पुण्याला न्हाई पाठवायचो मी. दिवाळीनंतर पावणे बघायला येणार हायेत." रुख्सानाला पिरंगुटच्या कारखान्यात ऑफिसमध्ये जागा देऊ केली होती. परीक्षा पास झाली तरच मिळणार होती. नाहीतर पाहुणे होतेच. तिच्यासारख्या अजून दोघी-तिघी होत्या, ज्यांचं जग माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेवलं होतं आणि पुढं न्यायला फक्त या परीक्षेचा एक कागद लागत होता.

आमचे हे भावाकडं मुठ्याला गेले होते, भात कधी कापायचं ते बघायला. मी पुण्याच्या मेकॅनिकला फोन लावला. तो साताऱ्याकडं गावी गेलेला. भला माणूस. दसऱ्याच्या दिवशी, मागं पोराबाळांचा गलका, तरी बोलला. "ताई, प्रोसेसरवरचा पंखा फिरतोय का बघा."

बघितलं. फिरत नव्हता. पात्याच्या आणि चौकटीच्या फटीत एक तांदूळ असा बसला होता, जसा काही मोजून कापून बसवलाय. खाली हिटसिंकच्या दातांत झेंडूच्या पाकळ्या. हिटसिंक म्हणजे काय ते सांगते. प्रोसेसर तापतो, त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, दात्यादात्यांचा. तो खालची उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. आम्ही त्याला फणी म्हणायचो. दिसते तशीच, उलटी ठेवलेली.

"ताई, हिटसिंक काढून साफ करा. खालची पेस्ट वाळली असणार, ती पुसून नवी लावा. थोडी लावा. आणि खाच बघून बसवा, नाहीतर—" आणि फोन गेला. पुन्हा लागलाच नाही.

थोडी. भात कापणीला माणसं जेवायला घालणाऱ्या बाईला थोडी म्हणजे किती ते विचारा.

आणि पेस्ट आणायची कुठून? दसरा. पौडपासून पुण्यापर्यंत दुकानं बंद. मग मला आठवलं, ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत असते. कारखान्यातल्या पॅनलना लावायला पांढरी पेस्ट, बुटक्या डबीत. आणि ती पेटी होती देवापुढं, पाटावर, हळदकुंकू लावून, कालच्या पूजेत.

मी पेटीला हात घातला तशा सासूबाई माजघरातून ओरडल्या, "पूजेतलं हत्यार हाय ते. त्येला हात लावायचा न्हाई."

"आत्या, उद्या मुलींची परीक्षा आहे."

"आसंल. देव बसलाय त्यात. सांज होऊ दे, दिवा लागू दे, मग काय ते."

"सांज होईपर्यंत काय करू? दुरुस्त झालं नाही तर रात्री कुणाला बोलावू?"

त्या बघत राहिल्या. माझ्याकडं, मग उघड्या पोटाच्या मशीनकडं. मग आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. आल्या त्या वाटीत तांदूळ घेऊन. मी मशीनवर आडवा हात धरला. पण त्यांनी चार दाणे पेटीवर टाकले आणि पेटी उजव्या हातानं वीतभर सरकवली.

"पूजा हलिवली," त्या म्हणाल्या. "देव उठला. घे आता. पर त्यो पेचकस घ्यायच्या आधी पाया पड."

पडले. त्यांच्याही पडले.

फणी काढली. खालची पेस्ट वाळून भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती. पुसल्यावर प्रोसेसर दिसला. हिरव्या चौकोनाच्या मधोमध नखाएवढी निळसर टिकली, आरशासारखी गुळगुळीत. एवढ्याशा जागेतून आमचा सगळा क्लास चालत होता. मी डबी उघडली आणि बोटानं भरपूर पेस्ट घेतली. वाटलं, जितकं जास्त तितका गारवा. कांजिण्यांवर चंदन लावतात तसं लावलं. फणी ठेवली, दाबली. चारी बाजूंनी पांढरं बाहेर आलं.

सासूबाई पाठीमागं उभ्या. "ह्ये काय, पिठलं थापतीस व्हय?"

"आत्या, गप बसा जरा."

"म्या कशाला बोलू. सारवाया सांगितलं तर लिपाया बसलीस."

आता त्या बोलल्या त्या टोमणा मारायला, शिकवायला नव्हे. पण माझा हात थांबला. लिंपणं आणि सारवणं यांत फरक असतो, तो आमच्या पिढीच्या बाईला सांगावा लागत नाही. भिंतीला भोक असलं की लिंपायचं, बोटाएवढं जाड. जमीन सपाट असली की सारवायचं. पातळ. इतकं पातळ की जमिनीची उंची वाढत नाही, नुसते केसाएवढे खळगे भरतात. जाड सारवलं तर वाळून भेगा पडतात आणि पोपडे निघतात. मी त्या निळ्या टिकलीकडं बघितलं. सपाट. फणीचं बूड, तेही सपाट. दोघांच्या मध्ये भरायचं होतं काय? डोळ्याला न दिसणारे खळगे, बस.

सगळं पुसलं. बोटाला दुधाच्या पिशवीचा स्वच्छ तुकडा गुंडाळला, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घेतली आणि सारवलं. मोठ्या हातानं अंगण सारवत आलेल्या बाईनं नखाएवढं अंगण सारवलं. एका दिशेनं, न थांबता, कडेपर्यंत. हातानंच सांगितलं बास म्हणून.

यंदा ओसरीवर बसले तेव्हा बोट आपोआप तसंच फिरलं. मध्ये वर्षं गेली, चष्म्याचा नंबर वाढला, पण बोटाला सगळं आठवत होतं.

तर त्या दिवशी मी फणी ठेवणार तेवढ्यात दारात रुख्साना. हातात आपट्याची पानं. हमीदभाईंच्या घरून दर दसऱ्याला आमच्याकडं सोनं यायचं आणि ईदेला शीरखुर्मा. "बाई, सोनं घ्या," म्हणाली आणि मशीनचं उघडं पोट बघून पानं तशीच हातात राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. बस. हे धर."

तिला काय ते समजलं. चेहरा उतरला, पण रडारड नाही, काही नाही. पानं देव्हाऱ्यापुढं ठेवली, ओढणी खोचली आणि बसली.

फणी ठेवून दिली, आणि आता राहिली क्लिप. पोलादाची पट्टी. एक टोक अलीकडच्या आकड्यात आणि दुसरं पलीकडच्या आकड्यात, जोर लावून खाली दाबून अडकवायचं. पेचकस टोकाला लावायचा आणि दाबायचं. पेचकस घसरला की हिरव्या पाटीवर ओरखडा, आणि पाटी मेली. फणी जरा तिरकी झाली की ती निळी टिकली कोपऱ्यात तडकते, आणि मशीन मेलं. मी दाबायला गेले तर पेचकसाचं टोक सरकायला लागलं. सोडलं. पुन्हा धरलं. पुन्हा सोडलं.

"बाई, मी करू?"

"मोडलं तर?"

"मोडायचं आसंल तर तुमच्या हातानं बी मोडंल." मग जरा हसली. "न्हाई मोडायचं. मी बायकांच्या हातात चुडा भरते ना. गाठी झालेल्या हातात बी भरते. काचेचा."

तिनं पेचकस घेतला, पण आधी फणीचं बूड वाकून बघितलं. "बाई, हितं खाच हाय एका बाजूला."

खाच. नाहीतर— असं म्हणता म्हणता फोन गेला होता तो इथं. प्रोसेसरच्या खोबणीला एका बाजूला उंचवटा होता. खाच त्यावर यायला हवी होती. मी फणी उलट्या बाजूनं ठेवली होती. तशीच दाबली असती तर एक कड उंचवट्यावर चढली असती आणि सगळा भार त्या टिकलीच्या एका कोपऱ्यावर आला असता. मी फणी उचलली, सारवण पुन्हा सारखं केलं, फिरवून ठेवली. तशी ती खाली टेकली, पाटावर पाट बसावा तशी.

रुख्सानानं एक तळवा फणीवर सपाट ठेवला, दुसऱ्या हातानं पेचकस धरला. दाबताना ती पेचकसाकडं बघतच नव्हती. बांगडी भरताना हमीदभाईही बांगडीकडं बघत नाहीत, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडं बघत बोलत असतात. ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, औंदा भात कसं हाय?"

"बरं हाय. लोंबी भरलीया," सासूबाई म्हणाल्या.

आणि टक्. क्लिप बसली.

मशीन लावलं. पंखा फिरला. आम्ही तिघी त्याच्यापुढं बसून राहिलो. चहा झाला, पोळ्या झाल्या, नैवेद्य झाला, मशीन चालूच. दुपारी हे मुठ्याहून आले तर देव्हाऱ्यापुढून पेटी हललेली, आणि त्यांची आई कॉम्प्युटरसमोर पाट टाकून बसलेली. "काय गं आई, इथं काय?"

"राखण करतीया," त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोनं सारवलंय. कोण पाय देईल त्याच्यावर."

दुसऱ्या दिवशी परीक्षा माझ्याच पुढच्या खोलीत झाली. रुख्साना पास झाली, बाकीच्याही. पाहुणे दिवाळीनंतर आले तेव्हा ती ऑफिसातून घरी यायची होती, म्हणून पाहुण्यांना तासभर बसावं लागलं. हे सांगताना हमीदभाईंचा आवाज असा काही व्हायचा, की तक्रार करतायत का मिरवतायत ते कळू नये. मला कळायचं.

खंडेनवमीची पूजा मात्र आम्ही बंद केली नाही. बंद का करावी? सासूबाईंनीच तोड काढली. पुढच्या वर्षी पूजेच्या वेळी त्यांनी खुंटीवरचा धुतलेला टॉवेल घेतला, घडी करून मशीनवर पसरला आणि म्हणाल्या, "आता टाका काय टाकायचं त्ये." तेव्हापासून आमच्या क्लासात आधी टॉवेल, मग हळदकुंकू, मग अक्षता.

तर हे असं. यंदा ओसरीवर एकटीनं बसून ते जुनं मशीन पुन्हा उभं केलं. वाळलेली पेस्ट पुसली, सारवलं, खाच बघितली, फणी ठेवली, क्लिप दाबली. पेचकस सरकला नाही. पंखा फिरला तेव्हा थोडा घरघरला, म्हाताऱ्या माणसासारखा घसा साफ केला आणि लागला कामाला. सासूबाईंना आता ऐकू कमी येतं. मी त्यांचा हात धरून फणीजवळ नेला. वारा लागला तशा हसल्या. "गार हाय," म्हणाल्या.

खंडेनवमीला ते घेऊन ह्यांच्याबरोबर रिक्षानं चांद्याला गेले. रुख्सानाचा क्लास माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. रांगेत मशीनं, भिंतीला पांढरा रंग, खिडकीतून दिसणाऱ्या त्या काचेच्या इमारती. मुली कुठकुठल्या, कुणी विदर्भातून आलेल्या नोकरदारांच्या, कुणी नांद्याच्या शेतकऱ्यांच्या. माझं जुनं मशीन तिनं मधोमध टेबलावर ठेवलं. झाकण काढून मुलींना आत दाखवलं, फणी दाखवली, आणि झाकण पुन्हा लावलं. मग कपाटातून धुतलेल्या टॉवेलांची चळत काढली आणि मुलींनी एकेका मशीनवर एकेक टॉवेल पसरला. झाकणबंद, पातळ, टेबलाला चिकटून उभ्या असलेल्या नव्या मशीनांवरसुद्धा, ज्यांच्या पोटात तांदूळ जायला जागाच नाही.

एक नवी मुलगी, लांबून आलेली असावी, म्हणाली, "मॅडम, टॉवेल कशाला? आमच्याकडं डायरेक्ट फूल ठेवतात."

मी रुख्सानाकडं बघितलं. वाटलं, आता सांगेल सगळं. तांदूळ, झेंडू, दसरा. पण ती दुसऱ्या मशीनवरचा टॉवेल नीट करत होती, तिनं मान वर केली नाही.

"पद्धत हाय आमच्यात," ती म्हणाली.

मग तिनं अक्षतांची वाटी माझ्यापुढं धरली. "घ्या बाई, पहिल्या तुमच्या." मी मूठ भरली, सासूबाई भरायच्या तेवढी, आणि टॉवेलवर टाकली.